आधी पाय, मग आप्पा

माझे वडील वेडे नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. अंबरपेठेतली जुनी माणसं त्यांच्या सायकलीची आठवण निघाली की अजून हसतात, आणि हसून झालं की मला विचारतात, तुझ्या आप्पांच्या डोक्यात काय आलं होतं गं तेव्हा? डोक्यात काही आलं नव्हतं. जे काय झालं होतं ते पाठीला झालं होतं. पण हे ऐकून घ्यायला कुणाला वेळ असतो!

परवा माझी नात धावत आली. नेकलेस रोडवर एक माणूस म्हणे झोपून सायकल चालवत होता, पाय पुढं, डोकं मागं, आणि सगळे गाड्या थांबवून फोटो काढत होते. तिला त्या सायकलीचं इंग्रजी नावसुद्धा माहीत होतं, रिकम्बंट की काय ते. किंमत तिनं सांगितली ती ऐकून मी पाणी प्याले. तिला म्हटलं, बस खाली. तुझ्या पणज्यानं ही सायकल छप्पन साली याच हैदराबादेत चालवलीय, आणि तीही सरकारी डाक घेऊन. पोरीचा विश्वास बसेना. तिला मराठी वाचता धड येत नाही, पण ऐकायला कंटाळत नाही, म्हणून सगळं सांगितलं. तेच इथं सांगते.

आप्पांचं नाव श्रीपती. गाव परभणीकडचं. तरुणपणी चुलत्याबरोबर हैदराबादेत आले आणि अफझलगंजाजवळच्या एका सरकारी कचेरीत सायकलवाले चपराशी म्हणून लागले. कचेरीतली डाक चामड्याच्या पिशवीत घालायची आणि या साहेबाच्या बंगल्यावर, त्या साहेबाच्या कचेरीत नेऊन द्यायची, हे त्यांचं काम. निजामाचं राज्य गेलं, पिशवीवरचा शिक्का बदलला, पिशवी आणि आप्पा तेच राहिले. सायकलवर बसले की ते असे ताठ बसत की माय म्हणायची, जसं काय पिशवीत स्वतः निजामच बसलाय.

पंचावन्न साली चादरघाटच्या उतारावर एक बैलगाडी आडवी आली. बैलाला वाचवायला म्हणून आप्पांनी हँडल वळवलं आणि पाठीवर आदळले. बैलाला काही झालं नाही. आप्पा मात्र पावसाळाभर बाजेवर पडून होते. डॉक्टरनं शेवटी सांगितलं की चालता येईल, झोपता येईल, पण सायकलच्या सीटवर ताठ बसणं विसरा. सायकलवाल्या चपराश्याला हे सांगणं म्हणजे कोळ्याला पाण्यात उतरू नको म्हणण्यासारखं. माय दिवसभर गप्प गप्प राहायला लागली, आणि माझी माय, विठाबाई, गप्प राहिली की घरात आम्हाला सगळ्यांना भीती वाटायची.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी याकूबभाई मिस्त्रीचं भाड्यानं सायकली द्यायचं दुकान होतं. तो आप्पांना बघायला आला, बाजेच्या कडेवर बसला, पान खाल्लं, आणि सहज म्हणाला की झोपता येतं ना, मग झोपून चालवा. आप्पांना वाटलं थट्टा करतोय. थट्टा नव्हती. त्यानं दोन मोडक्या सायकलींचे सांगाडे कापून एक लांबलचक सांगाडा जोडला, मध्ये आरामखुर्चीचं जाड कापड ताणून बसवलं, पायडल पार पुढच्या चाकाच्याही पुढं नेले, आणि साखळ्या एकीला एक जोडून एकच लांब साखळी केली. आप्पा त्यावर रेलले की डोकं मागं, पोट मध्ये, आणि सगळ्यांच्या पुढं दोन पाय, गरागरा फिरणारे. गल्लीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. पहिल्याच दिवशी आप्पा नालीत गेले, दुसऱ्या दिवशी याकूबभाईच्या दुकानात घुसले, आणि मग जमलं. पाठ दुखली नाही. घरी येऊन त्यांनी मायला फक्त एवढंच सांगितलं की दुखलं नाही, आणि मायनं त्या दिवशी मटण आणवलं.

आता रस्त्याचं सांगते, कारण रस्त्यानं आप्पांचं जे केलं ते घरच्यांनीही केलं नाही.

सगळ्यात आधी बिथरले ते घोडे. टांग्याच्या घोड्याला समोरून येणारं माणसाचं डोकं माहीत असतं. डोकं नाही आणि नुसते पायच येतायत म्हटल्यावर काचीगुड्याचे दोन घोडे टांग्यासकट फुटपाथवर चढले. टांगेवाल्यांनी आप्पांना जे ऐकवलं ते मी लिहू शकत नाही. मग महबूबअली नावाचा एक टांगेवाला होता, त्यानं तोडगा काढला. त्यानं आप्पांना आपल्या घोड्यासमोर उभं केलं, घोड्याला त्यांचं तोंड दाखवलं, गूळ त्यांच्याच हातानं चारायला लावला, मग त्यांना गाडीवर झोपवलं आणि परत गूळ चारायला लावला. घोड्याला कळलं की हे तेच. बाकीच्या टांगेवाल्यांनीही आपापले घोडे आणून आप्पांची ओळख करून घेतली. आप्पांचा महिन्याचा गूळ वाढला, आणि मायची कटकट.

मोटारवाल्यांना ते दिसायचेच नाहीत. म्हणून याकूबभाईनं मागं बांबूची काडी बांधली आणि तिला लाल फडकं लावलं. सुलतानबाजारच्या चौकात पोलिसानं गाडी बाजूला घ्यायला लावली आणि कोणत्या पार्टीचे म्हणून तासभर चौकशी केली. तेव्हा तेलंगणातली गडबड सरून चार-पाच वर्षं झाली होती, लाल फडकं बघितलं की पोलिसांना कम्युनिस्टच दिसायचे. मग मायच्या जुन्या लुगड्याचं हिरवं फडकं लावलं. तर लोकांना वाटलं की हा कुणी अपंग माणूस नवस फेडायला दर्ग्याला निघालाय. अफझलगंजात बायका वाट सोडून उभ्या राहायच्या, एका म्हातारीनं फडक्याला हात लावून तो डोळ्यांना लावला. आप्पा लाजून अर्धे झाले. निळं लावायचं त्यांच्या फार मनात होतं, पण कचेरीत नको ते डोळ्यावर येईल म्हणून राहू दिलं. शेवटी मायनं फुलाफुलांच्या छिटाचा तुकडा दिला. ती म्हणाली, फुलांची कुठली पार्टी नसते. तेव्हापासून ते चालत राहिलं.

अफझलगंजाच्या लोकांची तर तऱ्हाच वेगळी. तिथं जवळच मोठा दवाखाना. त्या रस्त्यानं झोपलेला माणूस जातोय म्हणजे तो दवाखान्यातच जाणार, असं तिथल्या प्रत्येकाला वाटायचं, आणि हैदराबादचा माणूस आजाऱ्याला पाहून स्वस्थ बसत नाही. दोघं-तिघं धावत यायचे, मागून धक्का द्यायचे, हटो हटो म्हणत वाट मोकळी करायचे आणि आप्पांना थेट दवाखान्याच्या फाटकात नेऊन सोडायचे. आप्पा पहिल्या पहिल्यांदा सांगायला बघायचे की मी बरा आहे. तर ते अजून कळवळायचे, की बघा, किती सहन करतोय बिचारा. तिथल्या नदीच्या पुलावर भाजी विकणाऱ्या तेलुगू बायका अय्यो पापम्, अय्यो पापम् करत हळहळायच्या. एकीनं एकदा पोटावर चार केळी ठेवली. कचेरीत ती केळी सगळ्यांनी खाल्ली.

पण या सगळ्यात आप्पांना एका गोष्टीची मनापासून लाज वाटायची, आणि ती म्हणजे पाय. आपल्याकडं पाय चुकून कुणाला लागला तर आपण हात लावून नमस्कार करतो. आणि इथं आप्पांचे तळवे येणाऱ्या प्रत्येकाच्या छातीसमोर यायचे, रोज, दिवसभर, ओळखीचा असो की नसो. दुसऱ्या कुणाला एवढं वाटलं नसतं. आप्पांना वाटायचं, कारण ते ज्या गावातून आले होते तिथं आमच्या माणसांनी पाटलाच्या गल्लीतून जाताना चपला काढून हातात घ्यायच्या, असा दंडक होता. पाय दिसणं तर लांबच, पायांचा आवाजही नको. ते लहानपणापासून अंगात मुरलेलं. म्हणून त्यांनी एक सवय लावून घेतली. गाडी चालवताना एक हात सतत कपाळाला. येणाऱ्याला सलाम, जाणाऱ्याला सलाम, पायांची माफी म्हणून. अंबरपेठेपासून अफझलगंजापर्यंत आप्पा नुसते सलाम करत जायचे.

आणि हैदराबादनं काय केलं? उलट सलाम केला. हे शहरच तसलं. सलाम आला की तो ठेवून घ्यायचा नाही, परत करायचा. पाय बघून रागावलेला माणूस मी तरी ऐकला नाही. डबलडेकरचा कंडक्टर दारातून वाकून सलाम करायचा. सुलतानबाजारचा तोच पोलीस, ज्यानं लाल फडक्यावरून धरलं होतं, तो मोटारी अडवून आप्पांना आधी सोडायला लागला. आप्पा एखादे दिवशी दिसले नाहीत तर दुसऱ्या दिवशी दहा जणांना उत्तरं द्यावी लागायची. आप्पा घरी येऊन मायला सांगायचे की आज अमक्यानं विचारलं, तमक्यानं विचारलं, आणि सांगताना त्यांचा चेहरा असा काही व्हायचा की मला अजून तो दिसतो. ज्याला गावात कुणी नावानं धड हाक मारली नव्हती, त्याला अर्धं शहर श्रीपतीभाई म्हणत होतं.

मग आलं राज्यांच्या वाटणीचं साल. मराठी मुलूख मुंबई राज्यात, कानडी म्हैसूरला, आणि हैदराबाद आंध्रात. कचेरीत मराठी जिल्ह्यांची दप्तरं बांधून औरंगाबादेला न्यायचं ठरलं, आणि त्याबरोबर माणसंही. हैदराबादेत सायकलवाला चपराशी एकच राहायचा होता. तो कोण, हे हिम्मतराव साहेबांनी ठरवायचं होतं. जो राहील त्याची नोकरी राहील. आप्पा राहिले नाहीत तर त्यांचं नाव औरंगाबादेकडं जाणार, आणि पाठ मोडलेल्या चपराश्याला तिथं घेणार कोण? म्हणजे सरळ गावाला परत.

हिम्मतराव आमच्याच तालुक्यातले. मोठं शेतीवाडीचं घराणं, स्वतः शिकून साहेब झालेले, हिमायतनगरात छोटा बंगला. माणूस वाईट नव्हता. कुणाचा पगार कापला नाही, कुणावर हात उगारला नाही. आप्पा कुठल्या गल्लीतले हे त्यांना माहीत होतं आणि आप्पांना ते माहीत असल्याचं माहीत होतं, तरी ते त्यावर कधी बोलले नव्हते. पण एका संध्याकाळी काय झालं, त्यांच्याकडं गावाकडचे पाहुणे आलेले, सगळे फाटकाशी निरोप घेत उभे, आणि नेमके तेव्हाच आप्पा डाक घेऊन पोचले. ब्रेक लावला आणि थांबले ते तळवे बरोबर हिम्मतरावांच्या छातीसमोर. पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्यानं निरखून पाहिलं आणि विचारलं की हा आपल्या महारवाड्यातला श्रीपा ना? आणि तो असा येतो होय आता तुमच्या दारात? आप्पांनी घाईघाईनं सलाम केला, पण हिम्मतरावांचा चेहरा उतरला तो उतरलाच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आप्पांना बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "श्रीपती, तुझे पाय लोकांच्या तोंडासमोर येतात. सरकारी डाक अशी पोचवत नसतात." इथं राहायचं असेल तर दिवाळीच्या आत एक दिवस कचेरीपासून हिमायतनगरपर्यंत साध्या सायकलवर, इतरांसारखं ताठ बसून डाक आणून दाखव, असं त्यांनी सांगितलं. जमलं तर नाव इथं, नाही जमलं तर तिकडं.

मला अजून त्या हिम्मतरावांचा राग येतो. नात म्हणते, नानी, सत्तर वर्षं झाली, सोड. नाही सोडत.

घरी आप्पांनी हे सांगितलं तेव्हा माय भाकरी थापत होती. डॉक्टर काय म्हणाला होता ते तिला पाठ होतं. तिला वाटलं असतं तर ती नको म्हणाली असती, आणि तिनं नको म्हटलं की आप्पांची काय बिशाद होती! आप्पा वाटच बघत होते तिनं नको म्हणण्याची. पण ती तव्याकडं बघत म्हणाली, "मी चपला हातात घेऊन चालायला परत जाणार नाही. पोरीलाही नेणार नाही." मग भाकरी करपली आणि ती रडायला लागली, भाकरीचं निमित्त करून. आप्पा उठून याकूबभाईकडं गेले आणि एक साधी सायकल सांगून आले.

त्याच दिवसांत दसऱ्याला नागपूरला दीक्षा झाली होती. आमच्याकडचे गेलेले लोक परत येऊन रोज सांगत बसायचे, तिथं काय झालं, किती माणूस होतं, कसं वाटलं. आप्पांना पाठीमुळं जाता आलं नव्हतं, याची त्यांना फार रुखरुख होती. आम्ही पुढं इथंच दीक्षा घेतली. पण त्या आठवड्यात ते सगळं ऐकायचे, आणि सकाळी गल्लीत साध्या सायकलवर बसून बघायचे, दोन चकरा मारल्या की ओठ पांढरे पडायचे.

त्या दिवशी मायनं त्यांच्या कमरेला जुनं लुगडं घट्ट आवळून बांधलं, वरून सदरा घातला. ते निघाले. पुढचं मी पाहिलेलं नाही. ते महबूबअली टांगेवाल्यानं सांगितलं, आणि महबूबअली गोष्ट सांगताना घोड्यालाही दोन वाक्यं द्यायचा, तेव्हा थोडं कमीजास्त असेल. पण मुख्य गोष्ट आप्पांनी कधी खोटी ठरवली नाही.

कचेरीतून पिशवी घेऊन आप्पा ताठ बसून निघाले, आणि सगळा रस्ता घाबरला. वर्षभर ज्याला झोपलेला पाहिला तो एकदम उठून बसलाय म्हटल्यावर लोकांना काहीतरी भलतंच घडल्यासारखं वाटलं. पुलावरच्या भाजीवाल्या बायका, ज्या झोपलेल्या आप्पांना पाहून हळहळायच्या, त्या आता बसलेले बघून जास्त हळहळल्या. काही लोकांना वाटलं की गाडी चोरीला गेली. काही तर रुसले, कारण आप्पांचे दोन्ही हात हँडल आवळून धरण्यात गुंतलेले, सलाम करायला हातच मोकळा नव्हता. कंडक्टरनं सलाम केला, त्याला उत्तर मिळालं नाही. श्रीपतीभाईला कसला तोरा चढला म्हणून तो दिवसभर पॅसेंजरांवर खेकसत होता म्हणे. सुलतानबाजारच्या पोलिसानं थांबवून विचारलं की तुमची गाडी कुठाय, आप्पा थांबले नाहीत, कारण थांबले असते तर परत चढता आलं नसतं. पोलिसानं शिट्टी तोंडाला लावली आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, तशीच खाली घेतली.

महबूबअलीनं त्यांना कोठीच्या चढावर पाहिलं. सदरा पाठीला चिकटलेला, मान ताठ, डोळे कुठंतरी लांब. त्यानं हाक मारली नाही. सवारी उतरवून दिली आणि टांगा त्यांच्या मागं घातला. पुढं होऊन विचारायचं त्याच्या जिवावर आलं. माणूस काहीतरी पार पाडायला निघालाय एवढं त्याला दिसत होतं, काय ते कळत नव्हतं. घोडा चालीचा, त्याला हळू चालायला लावणं महाकठीण, पण नारायणगुड्यापर्यंत आणि पुढंही त्यानं लगाम खेचून धरला. मागच्या मोटारी भोंगे वाजवत होत्या, तो सरकला नाही.

हिमायतनगरात हिम्मतराव फाटकाशीच उभे होते. त्यांची बायको तारामतीबाई ओट्यावर. आप्पा उतरले. उतरताना त्यांनी सायकल पडू दिली नाही, भिंतीला नीट टेकवून ठेवली. पिशवी खांद्यावरून काढली, साहेबांच्या हातात दिली, आणि म्हणाले की साहेब, डाक. आणि मग त्यांची कंबर जी गेली ती गेली, ते तिथंच फाटकात आडवे झाले.

महबूबअली टांग्यावरून उडी टाकून आला. त्यानं आप्पांच्या काखेत हात घालून उचलायला पाहिलं, पण आप्पा अंगानं भरलेले, एकट्याच्यानं होईना. त्याला कोण साहेब, कोण चपराशी, कोण कुठल्या गल्लीतला, काही माहीत नव्हतं आणि माहीत असतं तरी त्या घटकेला त्यानं विचार केला नसता. त्यानं हिम्मतरावांकडं बघून सांगितलं, "साब, पाँव पकडो. मेरे अकेले से नै होता."

हिम्मतराव उभेच. पिशवी हातात. महबूबअली म्हणायचा की इतका वेळ उभे होते की त्याला वाटलं साहेब बहिरे आहेत. मग त्यांनी पिशवी तारामतीबाईंच्या हातात दिली, वाकले, आणि आप्पांचे दोन्ही पाय घोट्याशी धरले. चपला कुठंतरी गळून पडल्या होत्या. रस्त्याच्या धुळीनं भरलेले, घामानं चिकट झालेले पाय.

आप्पांना तेवढी शुद्ध होती. ते म्हणाले, "साहेब, पाय सोडा."

"सोडले तर पडशील, श्रीपती," हिम्मतराव म्हणाले.

दोघांनी मिळून त्यांना उचललं. महबूबअलीला वाटलं ओट्यावर ठेवायचं असेल, तो तिथं थांबला. पण तारामतीबाई आत जाऊन बाज मोकळी करत होत्या, तिथूनच त्यांनी आत आणा म्हणून सांगितलं. हिम्मतरावांनी उंबरठा ओलांडताना खाली बघितलं, कारण हातातले पाय चौकटीला लागायला नको होते. आप्पांना बाजेवर ठेवलं. तारामतीबाईंनी घरातल्या तांब्यातून पाणी पाजलं, मान हातानं उचलून. हिम्मतराव पायथ्याशी उभे राहिले, हात तसेच धुळीनं माखलेले. थोड्या वेळानं म्हणाले की बरं वाटेल तेव्हा कामावर ये, घाई नाही, आणि येशील तो तुझ्या त्या गाडीवरच ये, पाठीला दुसरं काही सोसणार नाही. मग पुन्हा थांबून म्हणाले की नाव इथलंच लिहितो. बस्स, एवढंच. माफी वगैरे काही मागितली नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण लोक गोष्ट सांगताना मागायला लावतात.

दिवस मावळायच्या सुमाराला टांगा आमच्या दारात आला. याकूबभाई आणि महबूबअलीनं आप्पांना उतरवून आत आणलं. माय दारातच उभी होती. विचारायची हिंमत होत नव्हती, आणि त्यांची अवस्था बघून तिला वाटलं की सगळं संपलं, आता गाव. तिनं मीठ तव्यावर गरम केलं, फडक्यात बांधलं आणि त्यांना पालथं करून पाठ शेकायला लागली. मी उशाशी बसले होते. आप्पा उशीत तोंड घालून पडले होते.

बऱ्याच वेळानं त्यांनी तोंड वळवलं. म्हणाले, "विठा, हिम्मतरावांनी माझे पाय धरले."

मायचा हात थांबला. तिला वाटलं असावं की वेदनेनं बरळतायत. त्यांनी परत सांगितलं, हळू आवाजात, चोरी कबूल करावी तसं. दोन्ही हातांनी धरले, उंबरठ्याच्या आत जाईपर्यंत सोडले नाहीत, मी सोडा म्हटलं तरी सोडले नाहीत. मायनं सगळं ऐकून घेतलं. मग पुरचुंडी परत पाठीवर ठेवत म्हणाली, "मग? जड होते का म्हणले?"

आप्पा हसले. हसताना पाठीत कळ आली म्हणून ओरडले, आणि ओरडता ओरडता रडायला लागले. मी आप्पांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. बैलगाडीसमोर पडले तेव्हाही ते रडले नव्हते. माय शेकत राहिली, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी त्यांच्या पाठीवर पडत होतं, तेही तिनं पुसलं नाही.

मलाच शेवटी राहवलं नाही. मी विचारलं की आप्पा, मग आपल्याला गावाला जायचं का? त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जसं काही मी भलतंच काही विचारलं. नोकरीचं सांगायचं ते साफ विसरून गेले होते. म्हणाले, नाही गं, राहायचंय, इथंच राहायचंय, आणि पुन्हा मायकडं वळून तिला पहिल्यापासून सांगायला लागले, त्यांनी पाय कसे धरले ते.